पेटी दुरुस्तीला नेण्याआधी

पेठेतला वाडा पाडायला निघाला की माळ्यावरून जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बाजाची पेटी हमखास खाली येते. पुढे तिचं दोनांपैकी एक होतं. भंगारवाला वजनावर नेतो, नाहीतर घरातला एखादा हौशी माणूस ती दुरुस्तीला टाकतो. भंगाराचं दुःख सगळ्यांना कळतं. माझी जास्त तक्रार दुरुस्तीबद्दल आहे. जुने सूर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी जिभा, काढून नवे बसवले, सगळी पेटी आजच्या ४४० हर्ट्झच्या पट्टीला लावली, पट्ट्यांवर नवं प्लास्टिक चिकटवलं, वरून चकचकीत पॉलिश मारलं, की पेटी वाजते छान, पण ती कुणी वाजवली, कुठल्या पट्टीत वाजवली, हे सांगणारी प्रत्येक खूण त्याच दिवशी पुसली जाते. ज्यांच्या गाण्याची दुसरी कुठलीच नोंद नाही, अशा बायकांच्या बाबतीत ती खूण हाच एकमेव कागद असतो.

पेटी विकत घेतली आजोबांनी, पावती त्यांच्या नावाची, आणि घरातही ती 'आजोबांची पेटी' म्हणूनच ओळखली जाते. पण दुपारची जेवणं आटोपल्यावर, पुरुष माणसं कचेरीत असताना, ती माजघरात कोण काढत होतं? भजनी मंडळात, चातुर्मासात, हळदीकुंकवाला, मंगळागौरीला सूर धरायला पेटी लागायची. मुलगी दाखवताना 'पेटीवर दोन पदं म्हणते' हे सांगायला लागायची, आणि त्यातल्या कित्येकींची पेटी लग्नानंतर कायमची बंद झाली, हेही तितकंच खरं. हिराबाई बडोदेकर, सरस्वतीबाई राणे यांच्यासारख्या बायका व्यासपीठावर आल्या म्हणून त्यांची नावं राहिली. माजघरातल्यांची राहिली नाहीत.

मुळात हे वाद्य दिवाणखान्यातलंच. अलेक्झांद्र दबॅं यांनी १८४२ मध्ये पॅरिसला हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते पायानं भाता मारायचं, मोठ्या टेबलाएवढं वाद्य होतं, आणि घरं व छोटी चर्चेस हीच त्याची गिऱ्हाइकं होती. युरोपात घरातल्या बायकांचं वादन त्याआधीपासून जोरात होतं. लंडनमध्ये योहानेस त्सुम्पे यांचे चौकोनी, लहान पियानो १७६६ पासून मिळतात, आणि ते प्रामुख्यानं घरगुती वाद्य म्हणून खपले. जेन ऑस्टेननं स्वतःच्या हातानं उतरवून घेतलेल्या संगीताच्या वह्या आजही जपलेल्या आहेत. तिकडचे जाणते लोक जुन्या पियानोच्या हातोड्यांवरचं झिजलेलं चामडंसुद्धा बदलण्यापूर्वी दहादा विचार करतात. आपल्याकडे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून डाव्या हातानं भाता मारायची पेटी घडवली, आणि मांडी घालून गाणाऱ्या देशात ती घरोघर गेली.

पुण्यात तिला नाटकानं हात दिला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' इथे रंगमंचावर आलं आणि नाट्यपदं घराघरांत शिरली. त्या नाटकांतल्या नायिका पुरुष करत होते, म्हणजे शकुंतलेचं पद आधी पुरुषाच्या गळ्यातून लोकांनी ऐकलं. घरी आल्यावर बायकांनी ते आपल्या पट्टीत बसवलं. ही पट्टी बदलण्याची मेहनत कुणी मोजलेली नाही, पण पेटीवर ती दिसते. पुढे १९४० ते १९७१ आकाशवाणीनं पेटीला दारच बंद केलं होतं. त्यामुळे त्या तीस वर्षांत घरात पेटीवर काय चाललं होतं, त्याचा माग रेडिओच्या संग्रहातही लागत नाही.

म्हणून पेटी उघडण्याआधी ती वाचावी.

सुरुवात पट्ट्यांपासून. दिवसाउजेडी खिडकीजवळ पेटी ठेवा आणि प्रकाश बाजूनं, तिरपा पडू द्या. समोरून प्रकाश पडला तर झीज दिसत नाही. पांढऱ्या पट्टीवर बोट टेकतं तिथे उथळ खळगा पडतो, काळ्या पट्टीवरचा रंग उडून खालचं लाकूड दिसतं. पेटी ३७ पट्ट्यांची असेल, ३९ ची किंवा ४२ ची. प्रत्येक पट्टीला शून्य ते तीन असे गुण द्या आणि वहीत मांडा. शून्य म्हणजे कोरी, तीन म्हणजे खळगा नखाला लागतो.

आता सगळ्यात उपयोगी भाग. पट्ट्यांची नावं डावीकडून मोजून पडतात: दोन काळ्यांच्या जोडीच्या लगेच डावीकडची ती पांढरी एक, आणि त्या जोडीतली पहिली ती काळी एक. पुरुषांचा सा, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, साधारणपणे काळी एक, काळी दोनच्या आसपास, बायकांचा काळी चार, काळी पाचच्या आसपास. पण 'काळी चार झिजली आहे, म्हणजे बाई गात होती' असा निष्कर्ष काढला तर फसाल. काळी एकचा पंचम काळी चारवरच पडतो, म्हणजे पुरुष गात असला तरी ती पट्टी झिजणारच. खरी साक्ष झिजलेल्या पट्ट्यांपेक्षा कोऱ्या पट्ट्या देतात. साध्या पदांत आणि भजनांत कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम सगळ्यात कमी लागतात. सा काळी एक असेल तर हे दोन स्वर पांढरी दोन आणि पांढरी पाचवर येतात. सा काळी चार असेल तर पांढरी सहा आणि पांढरी दोनवर. सा काळी पाच असेल तर पांढरी सात आणि पांढरी तीनवर. म्हणजे काळी एक की काळी चार हा वाद असेल तर नजर पांढरी पाचवर ठेवा. ती कोरी असेल तर पुरुषाचा सा. ती झिजलेली आणि पांढरी सहा कोरी असेल तर काळी चारचा शुद्ध निषाद वर्षानुवर्षं तिथे वाजलेला आहे. पांढरी तीन आणि सात नव्यासारख्या आणि बाकीच्या पांढऱ्या खोलगट, हे काळी पाचचं लक्षण.

दोन ठिकाणी हा हिशेब चुकतो. काळ्या पट्ट्या सगळ्या कोऱ्या आणि पांढऱ्या सगळ्या सारख्या झिजलेल्या असतील तर ती शिकाऊ पेटी आहे; पांढरी एकवरून सरगम घोटून घोटून मुलांनी तिची ती अवस्था केली आहे. दुसरी अडचण स्केल चेंजरची. त्यात पट्ट्यांची चौकट सुरांवरून सरकते, त्यामुळे पट्टीची झीज फक्त बोटांची सवय सांगते, प्रत्यक्ष सा कुठला होता ते सांगत नाही. तिथे सुरांनाच विचारावं लागतं.

पट्ट्यांखेरीज भात्याची वरची कड बघा. डाव्या हाताच्या बांगड्या लाकडावर आपटून बारीक, समांतर ओरखडे पडतात. एकट्या ओरखड्यांवर भरवसा ठेवू नये, पण पट्ट्या तेच सांगत असतील तर जोड मिळते. दसऱ्याला वाद्याची पूजा होते, तेव्हाचे हळदीकुंकवाचे डाग कोपऱ्यांत असतात. ते स्पिरिटनं पुसू नका.

मग सूर मोजायचे. पेटी अर्धा तास खोलीत राहू द्या, पंखा बंद करा. फोनवरचा ट्यूनर ४४० वर ठेवा. एका वेळी एकच खुंटी, म्हणजे सुरांच्या एका रांगेला हवा सोडणारी समोरची मूठ, उघडा, म्हणजे खर्ज (खालच्या सप्तकाची रांग) वेगळा आणि नर (त्याच्या वरची रांग) वेगळा मोजता येईल. भाता मंद आणि एकसारखा हलवा. जोरात हवा भरली की सूर किंचित उतरतो, खर्जाचे सूर जास्तच. प्रत्येक पट्टीचं वाचन तीनदा घ्या आणि मधलं लिहा, सेंटमध्ये, म्हणजे अर्ध्या स्वराच्या शंभराव्या भागात.

या तक्त्यातून दोन वेगळ्या गोष्टी कळतात आणि त्यांची गल्लत करायची नाही. सगळेच सूर जवळपास सारख्या फरकानं हटलेले असतील तर तो बिघाड नव्हे, ती पेटीची मूळ पट्टी. फ्रान्सनं १८५९ मध्ये ४३५ ची पट्टी ठरवली होती. पॅरिसचे सूर असलेली पेटी आजच्या ट्यूनरवर सुमारे २० सेंट उतरलेली दिसते. उलट इंग्लंडची जुनी चढी पट्टी ४५२ च्या घरातली, ती जवळजवळ ४५ सेंट चढी, म्हणजे आपल्या कानाला पाव स्वर वर. अशी पेटी ४४० ला लावायची म्हणजे प्रत्येक सूर घासायचा, आणि घासलेलं पितळ परत येत नाही.

मात्र बाकीचे सूर जागेवर आणि सात-आठच सूर त्यांच्यापेक्षा आणखी दहा-पंधरा सेंट उतरलेले असतील, तर ते वापरानं थकले आहेत. सुराची जीभ मुळाशी, रिव्हेटजवळ, लाखो वेळा वाकते, तिथलं पितळ शिणतं, बारीक चीर पडते, ताठपणा जातो आणि सूर उतरतो. तो आणखी वाजवला तर एक दिवस जीभ तुटते. या थकलेल्या सुरांची यादी झिजलेल्या पट्ट्यांच्या यादीशेजारी ठेवा. स्केल चेंजर नसेल तर दोन्ही जुळायला हव्यात. जुळल्या की सा पक्का. अट एकच, आधी धूळ झटकलेली हवी: जिभेच्या टोकावर धुळीचा थर बसला तरी वजन वाढून सूर उतरतो, आणि त्याला थकवा समजण्याची चूक सर्रास होते. म्हणून मोजणी दोनदा करा, एकदा आहे तशी आणि एकदा साफ केल्यावर.

उघडण्याची रीत. आधी प्रत्येक बाजूचा फोटो. मग वरचं झाकण, जाळी. बहुतेक हातपेट्यांत पट्ट्यांची चौकट आणि तिच्याखालची सूरफळी बाजूचे स्क्रू किंवा आकडे सोडले की एकत्र वर येते. जोर लावावा लागत असेल तर एखादा स्क्रू राहिला आहे. स्क्रू निघतील त्या क्रमानं इडलीपात्राच्या खळग्यांत ठेवत जा, कारण जुन्या पेटीचे स्क्रू एकमेकांच्या भोकात नीट बसत नाहीत. सूरफळी उलटी करून स्वच्छ सुती कापडावर ठेवा. सगळे सूर काढू नका. नुसतं बघा. एखाद्या सुराचं पितळ वेगळ्या रंगाचं, त्याच्या पत्र्याचं टोक वेगळ्या कापाचं असेल तर तो मागाहून बदललेला आहे, आणि जो आधी बदलावा लागला तो सगळ्यात जास्त वाजलेला. जिभेवरचे कानशीचे ओरखडेही बघा. टोकाकडे घासलेली जीभ म्हणजे कुणीतरी सूर चढवला. मुळाकडे घासलेली म्हणजे उतरवला. जर्मन सूर, पॅरिसचे सूर आणि गुजरातेतल्या पालिताण्याचे सूर यांतला फरक पेटीवाल्या कारागिराला हातात घेताच कळतो. त्याच्याकडून फक्त ओळखून घ्या, बदलून नको.

साफसफाईला मऊ, कोरडा रंगाचा ब्रश पुरतो. मुळाकडून टोकाकडे, हलक्या हातानं. पाणी नको, आणि शिलाई मशिनचं तेल तर मुळीच नको, तेलावर धूळ चिकटून महिन्याभरात सूर बसतो. सूर फरफरत असेल तर जीभ खाचेच्या कडेला घासते आहे किंवा मध्ये केस अडकला आहे. पातळ ट्रेसिंग पेपरची पट्टी जिभेखालून सरकवून काढा. सूर अजिबात बोलत नसेल तर जीभ बहुधा खाचेत सपाट बसली आहे, तिला टोकाशी केसभर उचल हवी असते. नखानं उचलायला गेलात तर ती मुळाशी मुडपेल. पातळ पत्र्याच्या पट्टीनं, एकदाच आणि थोडंच.

हवा कुठून जाते ते कळायला सोपी परीक्षा आहे. सगळ्या खुंट्या बंद करा, भाता पूर्ण भरा, हात काढा आणि सेकंद मोजा. पंधरा-वीस सेकंदही हवा टिकली नाही तर दोष भात्यात, त्याच्या घड्यांत किंवा आतल्या झडपांत. खुंट्या बंद असताना टिकते पण उघडल्यावर, एकही पट्टी न दाबता, भसकन जाते, तर पट्ट्यांखालची चामड्याची गादी नीट बसत नाही किंवा सूरफळी आणि पेटी यांच्यामधली फट उघडी पडली आहे. पट्टी न दाबता एखादा सूर रडत राहिला तर त्याच पट्टीची स्प्रिंग किंवा गादी बघा. बऱ्याचदा गादीखाली नुसता लाकडाचा कण असतो. भात्याच्या घडीतलं छोटं भोक बुजवायला कडा तासून पातळ केलेलं मऊ चामडं आणि सरस वापरा. सरस कोमट ओलाव्यानं पुन्हा सुटतो, पुढच्या दुरुस्तीला वाट राहते. प्लास्टिकच्या चिकटपट्टीचा डिंक जुनं चामडं घेऊनच सुटतो.

पुण्याच्या पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात. जुलैत अडकलेली पट्टी घासायची नाही! नोव्हेंबरात लाकूड आक्रसतं आणि घासलेली पट्टी मग खुळखुळते. तोवर पेटी बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवा, झाकणाखाली दोनशे ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत घाला, आणि महिन्यातून दोनदा दहा मिनिटं वाजवा. कसर लोकर आणि नमदा खाते, म्हणून आतला नमदा दर तीन महिन्यांनी बघायचा. डांबरगोळ्या सुरांच्या शेजारी ठेवू नका, त्यांची वाफ पृष्ठभागावर पुन्हा स्फटिक होऊन बसते.

पेटीबरोबर वही असते. ती रद्दीत जाऊ देऊ नका, माझ्या लेखी ती पेटीइतकीच मोलाची आहे. बहुतेक वह्यांत फक्त शब्द असतात, पण स्वर लिहिलेले असतील तर लिपी कुठली ते आधी ठरवा. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक. पलुस्कर पद्धतीत डोक्यावरचं टिंब म्हणजे मंद्र, आणि तार सप्तकाला उभी रेघ. पुण्यात पलुस्करांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांनी १९३२ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढलं, त्यामुळे इथल्या वह्यांत पलुस्कर पद्धत भरपूर सापडते, आणि आजची पुस्तकं भातखंडे पद्धतीची असल्यानं वाचणारा सगळी चाल एक-दोन सप्तकं इकडची तिकडे करून बसतो. ओळख सोपी आहे: कोमल स्वराखाली आडवी रेघ असेल तर भातखंडे, पाय मोडल्यासारखी तिरपी खूण असेल तर पलुस्कर.

वहीवर तारीख नसली तरी पदं काळ सांगतात. 'मानापमान'चं पद असेल तर तो मजकूर १९११ नंतरचा, 'स्वयंवर'चं असेल तर १९१६ नंतरचा, गीतरामायण असेल तर १९५५ नंतरचा, कारण ते त्या वर्षी पुणे आकाशवाणीवर सुरू झालं. शाई आणि अक्षर कुठे बदलतं तेही टिपा. सासूची वही सुनेनं पुढे चालवलेली असते. पानं लॅमिनेट करू नका. सावलीत, वरून सरळ फोटो काढा, कोरी पानंसुद्धा.

जुनी वाद्यं बघायला शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जरूर जा. अडकित्ते, दिवे, स्वयंपाकघरातली भांडी अशा घरगुती वस्तूंनाही इतक्या मायेनं जागा देणारा दुसरा संग्रह माझ्या माहितीत नाही. पेटी त्याच नजरेनं बघायची सवय तिथे लागते.

आणि ती वाजवणारी अजून हयात असेल तर ट्यूनर नंतर, आधी ती. 'आजी, तुम्ही गायचात का?' असं विचारू नका. 'छे गं, आमचं कसलं गाणं, आपलं देवापुढे म्हणायचं' हेच उत्तर येणार आणि विषय संपणार. त्यापेक्षा विचारा: 'ही चाल कुणाकडून घेतलीत? मंडळात पेटी कोण धरायचं? भाता पहिल्यांदा कधी फाटला? तुमचा सा चढा होता की जाऊबाईंचा?' मग दुरुस्त न केलेली पेटी तशीच त्यांच्यासमोर ठेवा, काही वाजवायला सांगू नका. वीस-वीस वर्षांनीसुद्धा बोट आपोआप एका पट्टीवर जातं. ती पट्टी लिहून घ्या, फोनवर आवाज टिपा, आणि त्या पदाचे शब्द वहीतल्यापेक्षा वेगळे म्हणाल्या तर दुरुस्त न करता तसेच लिहा.

हे सगळं झाल्यावर पेटी खुशाल कारागिराकडे न्या. गळती काढा, गादी बदला, तुटलेला सूर बदलायचाच असेल तर जुना पाकिटात घालून, कुठल्या पट्टीचा ते लिहून पेटीतच ठेवा. थकलेले सूर घासून चढवण्याआधी तो तक्ता पूर्ण झालेला असू द्या. झाकणाच्या आतल्या बाजूला जाड कागद ठेवा, पेन्सिलीनं लिहिलेला, कारण शाई दमटपणात पसरते. त्यावर पट्ट्यांचे गुण, सुरांचे सेंट, मोजणीची तारीख, आणि सगळ्यात वर तिचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, त्याच्यापुढे तिचा सा.